दिलेलं वाण परत मागायचं नसतं

अभय दांडेकर हा माणूस कुठल्याही संकटाला कायम तयार असतो. निदान त्याचं स्वतःचं तरी तसं म्हणणं आहे. तो एका बँकेच्या रिस्क खात्यात आहे. कुठे काय बिघडू शकतं याची यादी करायची आणि ते बिघडायच्या आत बंदोबस्त करायचा, हे त्याचं काम. परदेशातल्या चोआ चू कांग या उपनगरातल्या आपल्या फ्लॅटमध्येही त्यानं हाच खाक्या ठेवलाय. फ्रीज बंद पडला तर काय करायचं, याचा एक तक्ता फ्रीजच्या दारावर लावलेला आहे. गेल्या वर्षी फ्रीज खरंच बंद पडला तेव्हा सगळ्यांनी तो पहिल्यांदा वाचला. त्यात सूचना क्रमांक एक होती, ‘सुलेखाला बोलवा.’

तर अशा या अभयनं संक्रांत होऊन गेल्यावर एका बुधवारी जेवताजेवता जाहीर केलं, “यंदाचं हळदीकुंकू मी करणार!”

सुलेखाच्या हातातला डाव तसाच राहिला. “तू? हळदीकुंकू?”

“म्हणजे कुंकू तू लाव. बाकी सगळं माझ्याकडे! खाणं, मांडामांड, वाणाचं पॅकिंग. तू फक्त अभ्यास कर. बारा बायका म्हणजे काय गं? मी चारशे माणसांचं ऑडिट काढलंय!”

सुलेखाला खरंच मदत हवी होती. ऋता झाली तेव्हा तिनं अकाउंटंटची नोकरी सोडली, त्याला आता तेरा वर्षं होत आली. दोन वर्षांपूर्वी तिनं एका कॉलेजात नाव घातलं. शाळेत जायच्या आधीच्या वयातली, वेगळ्या गरजा असलेली मुलं. त्यांना शिकवणाऱ्या शिक्षिकांसाठीचा असोसिएट डिग्रीचा कोर्स. वर्गातल्या बाकीच्या मुली पंचविशीच्या, ही त्रेचाळीस वर्षांची. पहिल्या दिवशी त्या तिलाच मॅडम समजून उठून उभ्या राहिल्या होत्या! पण ती टिकली. आता शेवटचा टप्पा होता. येत्या मंगळवारी दहा वाजता कॉलेजच्या बाई ती सराव करत होती त्या लहान मुलांच्या सेंटरवर येऊन, ती मुलांना कशी शिकवते ते बघणार होत्या. त्यात पार पडली तर डिग्री आणि त्याच सेंटरमध्ये नोकरी. नाहीतर पुन्हा सहा महिने थांबायचं आणि ती नोकरी दुसऱ्या कुणाला तरी जायची.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चिमणी. मुलांची नावं घरी सांगायची नाहीत असा सेंटरचा नियम, म्हणून सुलेखा तिला चिमणी म्हणायची. चार वर्षांची पोर. बोलत नाही. नवीन कशालाही हात लावत नाही. लावायला सांगितलं तर टेबलाखाली शिरून बसते. तिच्यासाठी सुलेखानं स्वतः शिवून बारा पिशव्या केल्या होत्या. सहा रंग, प्रत्येक रंगाच्या दोन. एका रंगाच्या दोन्ही पिशव्यांत एकच वस्तू. मुलानं न बघता आत हात घालायचा, चाचपायचं आणि जोडी ओळखायची. चिमणीनं पहिल्या पिशवीत बोट घालायला पाच आठवडे घेतले. आता ती निळ्या पिशवीत मनगटापर्यंत हात घालते आणि आतले चिंचोके घोळवत बसते. ते चिंचोके जमवायला घरात तीन महिने एक दिवसाआड चिंचेचं सार झालं होतं. एवढं सार का होतंय, हे अभयनं कधी विचारलं नाही. आवडीनं प्यायला मात्र!

“बरं, नीट ऐक,” सुलेखा म्हणाली, “शेल्टरमध्ये डाव्या फळीवरच्या खोक्यात पुण्याहून मागवलेले बारा बटवे आहेत. ते वाण. तेवढे पॅक कर.”

“डावी फळी, खोकं, बारा बटवे. नोंदवलं!”

आता शेल्टर म्हणजे इथल्या फ्लॅटमधली ती जाड लोखंडी दाराची खोली. बॉम्ब पडला तर घरच्यांनी आत शिरून बसावं म्हणून सरकारनं बांधलेली. बॉम्ब काही पडत नाही, त्यामुळे सगळे तिच्यात सुटकेसा, गणपतीचं मखर आणि जुने पंखे कोंबतात. आज बॉम्ब पडलाच तर दांडेकरांना बाहेरच उभं राहावं लागेल.

शनिवारी सकाळी सुलेखा कॉलेजला गेल्यावर अभय कामाला लागला. आधी घडीचं टेबल ओढून काढायला तो शेल्टरमध्ये उलटा शिरला. पाठ भिंतीकडे आणि तोंड दाराकडे. तशा अवस्थेत त्यानं डावा हात वर केला, तिथे खोकं होतंच! उघडलं. आत खणाच्या कापडाच्या, जरीचे काठ लावलेल्या, रेशमी नाडीनं बांधलेल्या देखण्या पिशव्या. मोजल्या. बारा!

“वा! आणि आत काहीतरी भरूनसुद्धा ठेवलंय!” त्यानं एक दाबून बघितली. सुकामेवा असावा. सोडून बघायचा मोह झाला, पण बांधलेला माल फोडायचा नाही हे त्याचं तत्त्व. प्रत्येक पिशवी त्यानं कागदी थैलीत घातली, वर तिळगुळाची पुडी ठेवली, तीन-तीन स्टेपल मारले आणि थैलीवर नाव चिकटवलं. बाराच्या बारा थैल्या बाराखडीच्या क्रमानं मांडून त्यांचा फोटोही काढला.

हळदीकुंकू झकास झालं! वेळेवर सुरू झालं, वेळेवर संपलं. भेळ पुरली. जाताना सुलेखानं प्रत्येकीला कुंकू लावलं, अत्तर लावलं आणि अभयनं पुढे केलेली थैली तिच्या हातात दिली. स्वतःच्या परीक्षेचं सगळं साहित्य त्या बाईनं स्वतःच्या हातानं, हसतमुखानं, ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणत वाटून टाकलं.

साडेसहाला शेवटची बाई गेली. टेबल परत ठेवायला अभय शेल्टरमध्ये शिरला, यावेळी सरळ. त्याच्या डाव्या हाताला एक खोकं होतं. त्यानं झाकण उचललं. आत बारा बटवे. सपाट, रिकामे, पुण्याच्या दुकानाच्या चिठ्ठीसकट.

अभयनं झाकण लावून पुन्हा उघडलं, तरी बटवेच होते.

“बाबा,” मागून ऋताचा आवाज आला, “दॅट वन, द क्लॉथ बॅग्ज... मम्मीच्या एक्झामच्या, राइट? यू गेव्ह अवे ऑल?”

“श्श!”

“वा लाव! बाबा, यू सो ब्लर, लाह!” इथल्या पोरांच्या इंग्रजीत ब्लर म्हणजे वेंधळा.

“हळू बोल! तुला बबल टी हवाय ना? मोठा?”

“टू. अँड विथ पर्ल.”

पलीकडच्या खोलीत सुलेखा मंगळवारची तालीम करत होती. समोर उशी बसवली होती, पिशव्या मनातल्या मनात. दारातून तिचा मऊ आवाज आला, “आज आपण निळ्यापासून सुरुवात करायची हं. घाई नाही. तुला वाटेल तेव्हा हात घाल.”

खरं तर त्याच क्षणी आत जाऊन सांगायला हवं होतं. अभय दारापर्यंत गेलाही. पण तिचा तो आवाज ऐकून त्याचा धीर सुटला. शिवाय त्याच्या खात्याची एक सवय असते. गडबड झाली की आधी ती आवरायची, मग कळवायची. बारा पिशव्या, बारा पत्ते, हातात सगळा रविवार. सोमवारी सकाळी खोकं जागेवर! सुलेखाला पत्ताही लागणार नाही. अभयनं मोबाईलवर एक नवी यादी उघडली आणि त्याला जरा बरं वाटलं.

रविवारी “ऑफिसात जरा काम निघालंय” असं सांगून तो बाहेर पडला. पाठीवरच्या सॅकमध्ये ते बारा बटवे होते. अदलाबदल करायची, विषय संपला!

पहिलं घर दोन ब्लॉक सोडून, नीलिमाताईंचं. नीलिमाताई म्हणजे इथल्या मराठी मंडळातल्या सुगरण. दार उघडताच फोडणीचा खमंग वास आला.

“या, या! अगदी वेळेवर आलात! तुमच्याच राजम्याला फोडणी देतेय.”

“आमच्या?”

“अहो, कालच्या वाणातला! हल्ली बायका प्लास्टिकच्या डब्यांशिवाय काही देत नाहीत. सुलेखानं गावाकडचा राजमा दिला, तोही खणाच्या पिशवीत! मी रात्रीच भिजत घातला. बसा, गरम गरम खा.”

नाही म्हणायची सोय नव्हती. अभयनं बायकोच्या परीक्षेचा बारावा हिस्सा दोन वाट्या भरून खाल्ला. चांगला झाला होता. मग घसा खाकरून म्हणाला, “नीलिमाताई, ती पिशवी जरा परत मिळेल का?”

नीलिमाताईंचा डाव हवेतच थांबला. “परत? दिलेलं वाण परत मागतात का हो कुठे? माझ्या उभ्या जन्मात ऐकलं नाही! अपशकुन असतो तो!”

“परत नाही, बदलून! चुकीचा... चुकीचा लॉट गेलाय. आम्ही सगळ्यांकडूनच परत घेतोय.”

“लॉट? काय झालंय त्या राजम्याला?” नीलिमाताई किंचाळल्या, “ह्यांनी दोन वाट्या खाल्ल्या ना!”

राजम्याला काहीही झालेलं नाही हे पटवायला अभयला तिसरी वाटी खावी लागली. लाल पिशवी बाहेर काठीवर वाळत होती. ती ओलीच सॅकमध्ये घालून, एक बटवा देऊन तो सुटला.

पुढची पाच घरं सोपी गेली. बायकांना आश्चर्य वाटलं, दोघींना राग आला, पण पिशव्या मिळाल्या. त्यातली एक देव्हाऱ्यात बाळकृष्णाला लोड म्हणून ठेवलेली होती. देवाच्या पाठीखालून ती काढताना अभयनं हात जोडले.

खरी गडबड जुरोंग ईस्टला झाली. तिथे क्षिप्रा राहते. आयटीवाली, चटपटीत, वयानं लहान.

“पिशवी ना? आहे की! जपून ठेवलीय, अभयदादा!” असं म्हणून ती आत गेली. कपाटं उघडल्याचे आवाज आले. पंधरा मिनिटांनी ती एक चहाची गाळणी घेऊन बाहेर आली.

“ही नाही.”

“ही नाही? अच्छा.” ती पुन्हा आत गेली. यावेळी प्लास्टिकची डबी घेऊन आली. अभयनं मान हलवली. मग क्षिप्रा समोरच्या खुर्चीत मटकन बसली. “अभयदादा, कुणाला सांगू नका हं. आज सकाळी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. मला एक वाण कमी पडलं. मग मी ती पिशवी मंडळातल्या सुरेखाला दिली.”

सुरेखाला फोन लावला. सुरेखालाही दुपारी एक वाण कमी पडलं होतं! तिनं ती पुढे दिली होती, आणि वर शनिवारी मिळालेली स्वतःची पिशवीही आणखी एकीला दिली होती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत मंडळात दर शनिवार-रविवारी तीन-चार घरी हळदीकुंकू, आणि प्रत्येक घरी नेमकं एकच वाण कमी! संध्याकाळपर्यंत अभयला एक गोष्ट कळून चुकली. या शहरात प्रत्येक मराठी घरात एक खण असा आहे, ज्यात वाणं येतात, चार दिवस मुक्काम करतात आणि पुढे जातात. हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि आजवर कुणीही ते मोठ्यानं बोललेलं नाही.

रविवार मावळला तेव्हा सहा पिशव्या हातात होत्या, पाच फिरतीवर होत्या आणि बारावी, निळ्या जोडीतली एक, सेम्बावांगच्या शैलाताईंकडे. शैलाताई फोन उचलत नव्हत्या.

सोमवारी ऑफिसात जेवायच्या सुट्टीत अभयनं तेच केलं, जे रिस्क खात्यातला माणूस हातपाय गाळण्याआधी करतो. त्यानं तक्ता बनवला. ‘वाण शोध’. पिशवीचा रंग, मूळ कुणाला, पुढे कुणाला, कधी, सध्या कुणाकडे. एकेकीला फोन करून तो माहिती भरत गेला. बायका सांगताना गाळण्या, डब्या, आरसे यांचीही सरमिसळ करत होत्या. अर्धवट नोंद अभयला बघवत नाही. त्यानं गाळण्या, डब्या आणि आरसेही तक्त्यात भरले. दीड तासात एकूण एकतीस वाणांचा संपूर्ण प्रवास तारखांसकट तयार झाला! असा सुरेख तक्ता त्यानं बँकेतही कधी केला नव्हता.

तो त्यानं क्षिप्राला पाठवला. ‘फक्त तुझ्या माहितीसाठी. कुठे चूक दिसली तर सांग.’

क्षिप्रा त्या वेळी दोन मीटिंगच्या मध्ये होती. तिनं मजकूर वाचलाच नाही. पिशव्या लवकर मिळाव्यात या सद्हेतूनं तिनं तो तक्ता जसाच्या तसा मंडळाच्या बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. ‘मैत्रिणींनो, अभयदादांना मदत करा, प्लीज!’

दहा मिनिटं सगळ्याजणी तक्ता वाचत होत्या. मग भडका उडाला!

ओळ क्रमांक चौदा सगळ्यांनी वाचली. स्टीलची फुलाफुलांची डबी. नीलिमाताईंनी दिली पंधरा तारखेला. तिथून सहा घरं फिरून पंचवीस तारखेला परत नीलिमाताईंकडेच! आणि ती घेताना त्या ‘अगबाई, किती गोड, कुठे मिळाली?’ असं म्हणाल्या होत्या. तेही कुणीतरी सांगितल्याबरहुकूम ‘शेरा’ या रकान्यात लिहिलेलं होतं. सुरेखानं शेजारणीला भेट दिलेला आरसा चाळीस मिनिटांत घराबाहेर पडल्याचं दिसत होतं. दोघी ग्रुप सोडून गेल्या. एकीनं नुसतं ‘छान’ लिहिलं. मराठी बाईनं चर्चेत नुसतं ‘छान’ लिहिलं की समजावं, काही खरं नाही.

त्या ग्रुपमध्ये बहात्तर बायका होत्या, आणि त्यातली एक सुलेखा होती.

एक मात्र झालं. आपलं नाव त्या तक्त्यातून निघावं म्हणून ज्या त्या बाईनं आपल्याकडची पिशवी ताबडतोब पोचवली. संध्याकाळी अभय घरी आला तेव्हा दाराच्या जाळीला पाच पिशव्या लटकत होत्या. कुणीही बेल वाजवलेली नव्हती.

आत सुलेखा टेबलाशी बसली होती. शेल्टरमध्ये त्यानं लपवलेल्या सहा पिशव्या तिनं समोर मांडल्या होत्या. अभयनं हातातल्या पाच शेजारी ठेवल्या.

“अकरा,” ती म्हणाली.

“बारावीचं मी बघतो. म्हणजे बघ, झालं असं, की शेल्टरमध्ये उजेड कमी, शिवाय दोन्ही खोकी एकाच मापाची, आणि मुळात डावं-उजवं हे आपण कुठे तोंड करून—”

“अभय, तू शनिवारीच मला सांगितलं असतंस, तर मी ग्रुपवर एक ओळ टाकली असती. माझी परीक्षा आहे म्हटल्यावर रविवारी सकाळी सगळ्या आणून देत्या.” तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. “लाल पिशवीत मी आत्ता नवा राजमा भरला. बाकीच्यांचंही जमेल. पण ती गेलेली निळी नुसती पिशवी नाही, जोडीतल्या तिलाच चिमणी ओळखते. जगात एवढी एकच जागा आहे, जिथे ती पोर स्वतःहून हात घालते. ती मिळाली नाही तर उद्या ती टेबलाखाली बसणार आणि मी टेबलाबाहेर.”

अभयला फार वाईट वाटलं. आदल्या रात्री तिनं उशीसमोर चौथ्यांदा तालीम केली होती आणि तो शेजारच्या खोलीत यादी सुबक करत बसला होता.

मंगळवारी सकाळच्या एमआरटी रेल्वेनं तो सेम्बावांगला पोचला. शैलाताई सत्तरीच्या, मुलाकडे राहणाऱ्या. त्यांनी दार उघडलं आणि अभयची नजर थेट त्यांच्या गुडघ्यावर गेली. गुडघ्याला ओढणीनं घट्ट बांधलेली होती निळी पिशवी!

“अरे अभय! ये, ये! काय गुणाचं वाण दिलंय रे सुलेखानं! शेकायची पिशवी! मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं ठेवायची, गुडघ्याला हे खालच्या चिनी दुकानातलं हिरवं तेल चोळायचं आणि बांधायची. तीन वर्षांत पहिल्यांदा मी रात्रभर झोपले. फोनसुद्धा ऐकू आला नाही!”

अभयनं ‘लॉट’ वगैरे काही म्हटलं नाही. सरळ सगळं सांगून टाकलं. शेल्टर, खोकं, चिमणी, दहा वाजता.

“अरे, मग आधी नाही का बोलायचं!” शैलाताई ओढणी सोडायला लागल्या, आणि मध्येच थांबल्या. “पण माझ्या गुडघ्याचं काय?”

अभयनं इकडेतिकडे बघितलं. मग खाली बसला, बूट काढला, पायातला मोजा काढला.

“धुतलेला आहे ना रे?”

“आजच घातलाय, शैलाताई.”

त्यांच्याच डब्यातले तांदूळ मोज्यात भरून, गाठ मारून, दोन मिनिटं गरम करून त्यानं तो त्यांच्या गुडघ्याला बांधून दिला. मग एका पायात मोजा आणि एका पायात नुसता बूट अशा अवस्थेत बँकेच्या रिस्क खात्याचा तो अधिकारी स्टेशनकडे धावत सुटला.

सेंटर त्यांच्याच भागात, एका ब्लॉकच्या तळमजल्यावर. सुलेखा दारात उभी होती. साडेनऊ. तिनं पिशवी घेतली, नाकाशी नेली आणि तिचा चेहरा पडला.

“अभय, ह्याला कसला वास येतोय?”

“औषधी तेल. आणि थोडे भाजलेले चिंचोके.”

“अरे देवा! गेल्या आठवड्यात एका टीचरनं नवं हँडक्रीम लावलं होतं, तर चिमणी अख्खी सकाळ टेबलाखाली होती!” तिनं पिशवी झटकली, फुंकली, वाऱ्यावर धरली. वास जिथल्या तिथे. आतून कॉलेजच्या बाईंचा आवाज आला. सुलेखानं पदर खोचावा तसा कुर्ता सारखा केला आणि ती आत गेली.

अभय समोरच्या कॉफीच्या टपरीत बसला. कॉफी मागवली, प्यायला विसरला. काय काय बिघडू शकतं याची यादी करायची त्याला सवय. पण त्या दिवशी ती यादी करवेना. सव्वादहा. साडेदहा. अकराला पाच कमी असताना सुलेखा बाहेर आली. डोळे लालभडक, नाक लाल.

अभय उठून उभा राहिला. “हरकत नाही! हरकत नाही, सुलू! सहा महिन्यांनी पुन्हा देऊ. मी कॉलेजला पत्र लिहितो, सगळा दोष माझा—”

“गप्प बस आणि ऐक.” ती खुर्चीत बसली. “बाकीच्या मुलांच्या जोड्या लागल्या. मग चिमणीपुढे निळी केली. चिमणीनं हात घातला आणि थबकली. हात बाहेर काढला, बोटांचा वास घेतला. मला वाटलं, संपलं! बाईंचं लिहायचं थांबलं. चिमणीनं पिशवी उचलली, नाकाला लावली, डोळे मिटले. आणि म्हणाली, ‘आ-मा.’”

“म्हणजे?”

“आजी रे! इथले चिनी लोक आजीला आ-मा म्हणतात. तिची आजी हेच तेल लावते. रोज रात्री तिच्या कुशीत झोपते ती! अभय, बोलली ती. पहिल्यांदा बोलली!”

मग सुलेखा मनसोक्त रडली. अभयही रडला. टपरीवाल्या काकांनी न विचारता टिश्यूचं पाकीट आणून ठेवलं.

“आणि रिझल्ट?”

“इथे नापास म्हणत नाहीत. एकतर ‘कॉम्पिटंट’, नाहीतर ‘नॉट येट कॉम्पिटंट’. मी कॉम्पिटंट! बाईंनी विचारलं, वासाची कल्पना तुझ्या आराखड्यात नव्हती, कुठून सुचली? मी सगळं खरं सांगितलं. राजम्यापासून मोज्यापर्यंत. त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.”

अभयनं नाक पुसलं. छाती जरा बाहेर आली. “म्हणजे एका अर्थी बघायला गेलं, तर माझ्यामुळेच—”

“अभय.”

“नाही, मी फक्त म्हणतोय—”

“ग्रुपवर बहात्तर बायका बसल्यात. त्यातल्या निम्म्या एकमेकींशी बोलत नाहीत. त्यांना एक पत्र लिही. आजच.”

संध्याकाळी अभयनं पत्र लिहिलं. चार पानं. ‘सदर घटनेची पार्श्वभूमी’ इथपासून सुरुवात होती, मग शेल्टरमधल्या प्रकाशयोजनेवर एक परिच्छेद, आणि शेवटी पुढच्या वर्षी वाणावर क्रमांक छापण्याची सूचना. सुलेखानं वाचलं, खाली लाल पेननं लिहिलं, ‘नॉट येट कॉम्पिटंट’, आणि सेंटरमधल्या त्या मऊ आवाजात म्हणाली, “छान प्रयत्न! पुन्हा एकदा करूया हं.”

दुसरा मसुदा दीड पानाचा झाला. त्यात ‘अनवधानाने’ हा शब्द सहा वेळा होता. नॉट येट कॉम्पिटंट. “घाई नाही,” सुलेखा म्हणाली. “तुला वाटेल तेव्हा.”

जेवणं झाली. ऋता बबल टीचा दुसरा पेला ओढत समोर बसून होती. अभयनं बराच वेळ पेन चावलं. मग एका कोऱ्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि सुलेखाकडे न बघता तो पुढे सरकवला.

त्यावर दोन शब्द होते. ‘माझं चुकलं.’

सुलेखानं कागद वाचला. परत वाचला. मग दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या, सेंटरमध्ये वाजवते तशाच. “ऋता, बघ! बोलला! सोळा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा!” तिनं पर्समधून चकचकीत सोनेरी तारा काढला आणि त्याच्या शर्टाच्या खिशावर चिकटवला.

ग्रुपवर ते दोन शब्द गेले. चार मिनिटांत नीलिमाताईंचं उत्तर आलं, ‘जाऊ द्या हो. उद्या राजमा करतेय, सगळ्याजणी या.’

अभयला त्या रात्री शांत झोप लागली. सकाळी घाईत त्यानं खुर्चीवरचा तोच शर्ट चढवला आणि बँकेत जाऊन वरिष्ठांसमोर तासभर जोखमीवर भाषण केलं. सगळे त्याच्या छातीकडे फार आदरानं बघत होते, असं तो घरी येऊन सांगत होता.